सांध्यावरची भिंत

त्याचं खरं नाव घरच्या माणसांखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि घरचं माणूस म्हणजे एकटी ताई. बाकी सगळं गाव त्याला चिमटा म्हणायचं. हातात सदानकदा बारीक पोलादी चिमटा, आणि तोंडानं दिवसभर लोकांना चिमटे काढणं चालू. हे नाव कुणी ठेवलं याची चौकशी करायची कुणाला गरजच पडली नाही.

चिमटा मॉडेलं बनवायचा. नगरपालिकेला पूल बांधायचा असो, बसस्थानक बांधायचं असो, की काहीतरी बांधणार आहोत एवढं नुसतं सांगायचं असो, आधी त्याचं मॉडेल लागायचं. प्लायवूडच्या फळीवर पुठ्ठ्याच्या इमारती, रंगवलेल्या स्पंजची झाडं, नखाएवढ्या मोटारी आणि त्याहून लहान माणसं. ते काचेच्या पेटीत ठेवलं, वरचा दिवा लावला, की नगराध्यक्ष टाळ्या वाजवायचे, फोटो निघायचे आणि काम झालं असं सगळे मानायचे. त्यानंतर खरोखर काही उभं राहिलंच तर ते गावाचं नशीब.

आणि गाव तरी काय वाढत होतं म्हणता! अंगापिंडानं नव्हे, सुजल्यासारखं. आज डांबर पडलं की उद्या पाण्याच्या पाइपवाल्यांना आठवण व्हायची, ते खणून बुजवून जातात न जातात तोच तारावाले कुदळी घेऊन हजर. एक पूल होता, त्यावर चढायला रस्ता होता, उतरायचं काय ते पुढच्या निवडणुकीनंतर. पालिकेच्या मोठ्या दालनात ओळीनं काचेच्या पेट्या होत्या. एका पेटीत तळ्याकाठची बाग होती, निळं तळं, काठावर बाकं. खरं तळं केव्हाच बुजवून तिथे मोटारी लावायची सोय केली होती, पण पेटीतल्या तळ्याच्या निळ्या रंगाचा टवकाही अजून उडाला नव्हता.

या सगळ्यांचा चिमट्याला मनापासून तिटकारा होता. पालिकेच्या इंजिनिअरबद्दल तो म्हणायचा, "याला स्वतःच्या घराचा उंबरा अंधारात सापडत नाही, आणि हा गावाला रस्ते काढून देणार!" नगराध्यक्षांबद्दल म्हणायचा, "डोकं म्हणजे रिकामी पेटी, नुसता वरचा दिवा लागलाय." लग्न त्यानं केलं नाही. दोन-चार मुली पाहिल्या, पण एकीचाही काटकोन त्याला बरोबर वाटला नाही. मुलींचं नशीब थोर, दुसरं काय!

स्वतःबद्दल मात्र त्याचं मत चांगलं होतं. "सांधा दिसला की कारागीर मेला," हे त्याचं ब्रीद. त्याच्या मॉडेलात दोन फळ्या कुठे जोडल्यात ते दाखवा आणि बक्षीस मिळवा, असं तो उघड आव्हान द्यायचा. आणि कुणी विचारलंच, की अरे, तू ती जागा जाऊन बघितलीस का, तर नाक उडवून म्हणायचा, "माझं काम कागदाशी. जागेवर जाऊन बघायचं काम ज्यांचं आहे, त्यांनी बघावं." ज्यांचं ते काम होतं ते तर कागदसुद्धा बघत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनं शिवणयंत्र पुढ्यात ओढलं आणि भावाला वाढवलं. शाळेचे कपडे तिनेच शिवले, पहिला कटर आणि पहिला पुठ्ठाही तिनेच आणून दिला. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. गल्ली इतकी अरुंद, की समोरून पिशवीवालं माणूस आलं तर एकानं अंग चोरून भिंतीला लागायचं. पण गल्लीचं एक तोंड बसथांब्याकडे आणि दुसरं चौकात, त्यामुळे बसमधून उतरलेलं सगळं माणूस तिथूनच सटकायचं. सटकताना दाराशी क्षणभर थांबायचं: "ताई, जाता जाता एवढी चेन टाकून ठेवा, येताना नेतो." "ताई, ही पँट जरा आखूड करा बरं, संध्याकाळी याच वाटेनं यायचंय." मुद्दाम चेन बसवायला कोण कुठे जातं हो? ताईचा सगळा धंदा त्या 'जाता जाता'वर उभा होता. थांबणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून तिनं शेजाऱ्यांच्या मागे लागून गल्लीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताडपत्र्या बांधून घेतल्या होत्या.

चिमट्याची खोली गल्लीच्या बसथांब्याकडच्या टोकाला. रोज दुपारी तो दुकानात यायचा, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून ताईनं आणलेला डबा खायचा, जगाची यथेच्छ निंदा करायचा आणि आला तसा परत जायचा. चौकाच्या टोकाला तो कित्येक दिवसांत गेला नव्हता. "काय बघायचंय तिथे? एक सुकलेलं कारंजं आणि चार सुकलेली माणसं," असं त्याचं म्हणणं.

तर त्या चौकाचं नशीब एकदा फळफळलं. मोठ्या शहरातून एक सल्लागार आणला गेला. पायात पांढरेशुभ्र बूट, आणि ते पांढरेशुभ्र राहावेत म्हणून गाडीतून उतरायचं नाव नाही. तो म्हणे चौक सुशोभित करणार नव्हता. तो 'जागेला जागेपण' देणार होता. चिमट्यानं विचारलं, "म्हणजे तिथे कुणी डुलकी घ्यायची नाही, असं का?" सल्लागार हसला नाही. ज्याला विनोद कळत नाही त्याच्या पगाराचा आकडा नेहमी मोठा असतो, असं चिमटा त्या दुपारी ताईला म्हणाला.

सल्लागारानं चौक पायांनी बघितला नाही, आकाशातून बघितला. उडत्या कॅमेऱ्यानं फोटो काढले आणि त्यावरून नकाशा केला. वरून गल्ली कुठली दिसणार? दिसली ताडपत्री. त्याला वाटलं छप्पर. नकाशात चौकाच्या त्या बाजूला इमारतींची एकसलग रांग उमटली, मध्ये फट म्हणून नाही. चिमट्यानं तो कागद घेतला आणि रांगेच्या जागी पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक लांबलचक ठोकळा चिकटवला. जे बदलायचं नाही ते मॉडेलात पांढरं ठेवायची पद्धत असते. त्याला तिथे दार काढावंसं वाटलं नाही, खिडकी काढावीशी वाटली नाही, की आपण जेवतो ती जागा हीच, असंही एकदा मनात आलं नाही.

मॉडेल मोठं होतं, खोलीच्या दारातून निघेना, म्हणून त्यानं ते दोन फळ्यांवर केलं आणि पालिकेत नेऊन जोडलं. सांधा असा बसवला की वरून नख फिरवलं तरी कळू नये. मग पालिकेच्या शिपायांनी ते टेबलावर ठेवताना एका बाजूनं उचललं, दुसऱ्या बाजूनं कुणी उचललंच नाही, आणि सांधा कर्रकन उघडला. पांढऱ्या ठोकळ्याच्या अगदी पुढ्यात, चौकाच्या कडेनं, भली थोरली भेग. मध्ये प्लायवूडचा एक टवका उडाला होता, तिथे भेग थोडी वाकडी गेलेली. शिपाई म्हणाले, "आम्ही नाही." नगराध्यक्षांची गाडी दारात लागलेली.

चिमट्यानं पुठ्ठ्याची एक पट्टी कापली, भेगेवर उभी चिकटवली, वाकड्या ठिकाणी वाकडी केली आणि वर हिरवा स्पंज दाबला. भेग गायब. चौकाच्या कडेला आता एक बुटकी, झाडोऱ्याची, जराशी वळलेली भिंत उभी होती.

नगराध्यक्ष आले, वाकून बघू लागले. त्यांची नजर कारंज्यावरून घसरली ती नेमकी तिथे अडकली. "ही भिंत छान आहे हो! ही का बरं केली?"

इंजिनिअरनं सल्लागाराकडे बघितलं. सल्लागारानं बुटांकडे बघितलं. मग सगळ्यांनी चिमट्याकडे बघितलं. साधं उत्तर होतं: सांधा फाटला, म्हणून. पण सांधा फाटला असं त्या टोळक्यासमोर म्हणण्यापेक्षा चिमट्यानं जीभ कापून दिली असती. शिवाय त्यांची ती बावळट, उत्सुक तोंडं बघून त्याच्या अंगात आलं. म्हटलं, घ्या, तुमच्या लायकीचं देतो. गंभीर चेहरा करून तो म्हणाला, "भिंत असल्याशिवाय माणूस टेकत नाही. टेकल्याशिवाय बसत नाही. आणि माणूस बसल्याशिवाय जागेला जागेपण येत नाही."

मग नगराध्यक्ष म्हणाले, "वा!" इंजिनिअर म्हणाला, "वा वा!" सल्लागारानं घसा खाकरून सांगितलं, की हाच तर आमच्या संकल्पनेचा गाभा आहे, आम्ही तो मुद्दामच शेवटी दाखवायचा ठेवला होता.

दुपारी डबा खाताना चिमट्यानं हे सगळं ताईला नकला करून दाखवलं. ताई इतकी हसली, की सुई बोटात जाता जाता राहिली. "टेकल्याशिवाय बसत नाही! अरे, पण ते खरंच बांधतील हं."

"बांधू देत की. आपल्या बापाचं काय जातं?"

भिंत कुठे आहे ते तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सांगणार काय? त्याच्या लेखी ती एका पुठ्ठ्यासमोर होती.

आता या पालिकेची एक रीत सांगायला हवी, म्हणजे पुढचं समजेल. इथे नकाशे इतक्या वेळा बदलायचे, की शेवटचा कोणता हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. त्यावर इंजिनिअरनं मोठी अक्कल लढवून तोडगा काढला होता. मॉडेल हेच अखेरचं. नगराध्यक्ष जाड पेनानं फळीवर सही करायचे, मग इंजिनिअर पट्टी घेऊन काचेच्या पेटीत हात घालायचा, बोटभर मोजायचा, गुणाकार करायचा आणि मुकादमाला आकडा द्यायचा. जगात कुठे हसावं की रडावं कळत नसेल, तर ते इथे.

कारंजं झालं, बाकं झाली, मग मुकादम भिंतीपाशी आला. त्यानं पांढऱ्या फक्कीनं रेघ आखली आणि बघतो तर रेघ एका गल्लीच्या तोंडावरून आरपार जातेय, आणि गल्लीतून माणसं बाहेर येताहेत. तो इंजिनिअरला म्हणाला, "साहेब, इथे वाट आहे."

"मॉडेलात आहे का?"

"मॉडेलात नाही."

"मग वाट नाही ती. अतिक्रमण असणार."

मुकादमानं खांदे उडवले. त्याच्या अंगावरून एक बाई दोन पिशव्या घेऊन त्या नसलेल्या वाटेनं बाहेर पडली आणि चौक ओलांडून निघून गेली.

"अरे, आपल्या गल्लीच्या तोंडाशी चर खणलाय," ताईनं दुसऱ्या दिवशी डबा उघडताना सांगितलं. "लोक उड्या मारून येताहेत. म्हातारी माणसं तर येतच नाहीत. कसला रे तो?"

"पाइप असेल. या हरामखोरांना खणायला नुसतं निमित्त हवं," चिमटा म्हणाला. पण घास गिळून झाल्यावर, कोण जाणे का, तो परत जाण्याऐवजी त्या दुसऱ्या टोकाला गेला. चर गल्लीच्या तोंडावरून गेला होता. पुढे जाऊन तो एका ठिकाणी थोडा वाकडा झाला होता, आणि मग पुन्हा सरळ. ते वाकडेपण चिमट्यानं स्वतःच्या बोटांनी केलं होतं. मागे वळून बघितलं तर ताडपत्रीच्या सावलीत ताई दारात उभी राहून विचारत होती, "काय रे, पाइपच आहे ना?"

"बघतो," तो म्हणाला.

तो तडक पालिकेत गेला. नगराध्यक्ष, इंजिनिअर आणि सल्लागार तिघेही चहा पीत बसले होते. चिमट्यानं आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. "साहेब, ती भिंत काढा. ती भिंत नाहीच. सांधा फाटला होता, तो झाकायला पट्टी लावली मी."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि खो खो हसले.

"बघा, बघा," नगराध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात विनय. खरा कलाकार असाच असतो."

"अहो, विनय कसला डोंबलाचा! भेग होती भेग! हे बघा, पट्टी काढून दाखवतो."

"हात लावू नका," इंजिनिअर ओरडला. "सही झालीय त्यावर."

"मग टेकण्याचं, बसण्याचं बोललात ते?" सल्लागारानं विचारलं.

"ती तुमची थट्टा केली मी!"

एवढं तोंडावर सांगितलं तर निदान राग यावा की नाही? पण सल्लागार समजूतदारपणे मान हलवत राहिला. "होतं असं. कारागिराच्या हातून नकळत काहीतरी मोठं घडतं, त्याचा अर्थ आमच्यासारख्यांनी लावायचा असतो."

मग चिमटा खालच्या आवाजात म्हणाला, "तिथे माझ्या बहिणीचं दुकान आहे हो. ती वाट बंद झाली तर तिच्याकडे काळं कुत्रंही फिरकणार नाही."

"अरेरे, आधी नाही का सांगायचं!" नगराध्यक्षांनी खरोखर हळहळून कपाळाला हात लावला. "उद्घाटनाला त्यांना पुढची खुर्ची देऊ. नक्की."

भिंत झाली. चांगली पुरुषभर उंच झाली, कारण स्पंजही इंजिनिअरनं मोजण्यात धरला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत चिमट्याचं वाक्य रंगवलं: भिंत असल्याशिवाय माणूस टेकत नाही. टेकायला एक माणूस येईल तर शपथ. दिवसभर तिथे ऊन तापायचं, पाठ लावली तर भाजून निघेल. फोटो मात्र पुष्कळ निघाले.

बसमधून उतरणारी माणसं आता मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जाऊ लागली. त्या रस्त्यावर चेन बसवून देणारी दुसरी दुकानं होती, मोठ्या काचांची. ताईच्या यंत्राचा आवाज आधी तुटक झाला, मग सकाळपुरता उरला. चिमटा रोज दुपारी स्टुलावर बसून पालिकेला शिव्या घालायचा, पूर्वीपेक्षा जास्त, पूर्वीपेक्षा मोठ्यानं. ताई ऐकून घ्यायची. भिंत कुठून आली ते त्यानं तिला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत त्यानं डब्यावर डबे रिकामे केले. लोकांना भित्रे म्हणून हिणवणारा हा शूर पुरुष!

पण तिला वाचता येत होतं. एके दिवशी ती वळसा घालून चौकात गेली, भिंतीवरची अक्षरं वाचली आणि तिला आपलंच हसणं आठवलं. तिथून ती पालिकेत गेली, आयुष्यात पहिल्यांदाच.

चिमटा दालनात पेटीची काच पुसत होता. दुसऱ्या गावांतले पाहुणे हा नामांकित चौक बघायला यायचे होते, म्हणजे मॉडेल बघायला. वर मान करतो तर दारात ताई, हातात पिशवी. ती सगळ्या पेट्या ओलांडत सावकाश त्याच्यापाशी आली आणि काचेतून आत बघत राहिली.

"किती बारीक केलंयस रे," ती म्हणाली. "कारंज्याला थेंबसुद्धा आहेत."

तो काच पुसत राहिला.

"यात माझं दुकान कुठंय?"

त्यानं काच उचलली आणि हातातल्या चिमट्याच्या टोकानं पांढरा ठोकळा दाखवला. "इथे. साधारण."

"इथे तर दार नाही."

"आजूबाजूचं पांढरंच ठेवतात, ताई. पद्धत आहे तशी."

"आणि गल्ली?"

चिमट्याचं टोक त्या पुठ्ठ्यावरून इकडून तिकडे फिरलं, त्याला टेकायला जागा मिळेना. मग तो भडाभडा बोलू लागला. तो सल्लागार गाढव, त्यानं वरून फोटो काढला, त्याला ताडपत्री छप्पर वाटली. तो इंजिनिअर महागाढव, त्यानं डोळ्यांसमोरून माणसं जाताना बघितली तरी त्याला वाट दिसली नाही. आणि नगराध्यक्ष तर असे, की...

"असतील रे गाढव," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पण ते कुठे आमच्या गल्लीत आले होते कधी? तू तर रोज तिथे बसून जेवतोस."

चिमट्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

ताईनं पिशवीतून डबा काढला आणि पेटीच्या कडेला ठेवला. "दुकानाला आज कुलूप लावलं. उद्यापासून तिकडे येऊ नकोस, उगाच दारातून परत जाशील. हा गरम आहे तोवर खा. मी निघते, मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जायचंय."